कंपनीला कुणी कळवलं

“कंपनीला कुणी कळवलं?”

महेंद्रने हातातला कागद नीट उलगडला, घडीच्या रेषा तळहाताने सपाट केल्या आणि तो बहिणीसमोर टीपॉयवर ठेवला. तो ओरडला असता तर अस्मिताला बरं वाटलं असतं. दादा ओरडतो, दहा मिनिटांत शांत होतो आणि मग स्वतःच खाली जाऊन गरम भजी घेऊन येतो, हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं. पण आज त्याचा आवाज इतका खाली होता की पलंगावर बसलेल्या आईला, चांगुणाबाईंना, पुढे वाकून ऐकावं लागत होतं.

अस्मिताने कागद वाचला. अंबरनाथच्या एमआयडीसीतल्या ज्या कारखान्यात महेंद्र सोळा वर्षं क्रेन चालवत होता, तिथलं पत्र होतं ते. त्याच्या उजव्या डोळ्याच्या पडद्याला मधुमेहामुळे इजा झाल्याचं कंपनीच्या लक्षात आलं आहे, सबब उद्यापासून त्याने क्रेनवर चढू नये, मेन गेटवर नोंदवहीचं काम बघावं, आणि कंपनीच्या डॉक्टरांकडून डोळ्यांचे उपचार घेणं त्याला बंधनकारक राहील...

“तो रिपोर्ट दोनच ठिकाणी होता,” महेंद्र म्हणाला. “एक तुझ्या कॉम्प्युटरमध्ये, एक माझ्या कपाटात. माझं कपाट काही कंपनीत चालत गेलेलं नाही.”

तीन आठवड्यांपूर्वीचीच तर गोष्ट. नगरपालिकेच्या आरोग्यकेंद्रात शुगरच्या पेशंटांसाठी डोळ्याच्या पडद्याचा फोटो काढायचं यंत्र आलं होतं, ते चालवायला अस्मिताची नेमणूक झाली होती आणि केवढ्या अभिमानाने महेंद्र पहिल्याच दिवशी येऊन त्या यंत्रापुढे बसला होता! वडील गेले तेव्हा ती सातवीत होती. महेंद्रने कॉलेज अर्धवट सोडलं, आयटीआय केलं, क्रेनवर चढला आणि बहिणीला डोळ्यांच्या तपासणीचा डिप्लोमा होईपर्यंत शिकवलं. त्याच बहिणीने त्याच्या डोळ्याच्या फोटोत रक्ताचे ते लाल ठिपके पाहिले. “दादा, याच आठवड्यात उल्हासनगरच्या मोठ्या हॉस्पिटलात जा, लेझर लागेल,” असं तिने परोपरीने सांगितलं होतं. त्याने रिपोर्ट कपाटात कपड्यांखाली सारला. मार्च एंड होऊ दे, म्हणाला.

नाही, तिने कुणालाही सांगितलं नव्हतं. पेशंटचा रिपोर्ट पेशंटच्या हातात, ही तिच्या कामाची पहिली अट होती, आणि ती तिने भावासाठीही मोडली नव्हती. ती हे बोलणारच होती... तोंड उघडलंही होतं तिने. तेवढ्यात तिची नजर स्वयंपाकघराच्या दाराकडे गेली.

दारात प्रीती उभी होती. महेंद्रची बायको. तिच्या हातात डब्याचं झाकण होतं आणि ती नवऱ्याकडे बघत नव्हती, पत्राकडेही बघत नव्हती. ती एकटक अस्मिताकडे बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावरचा रंग पार उडाला होता.

एका क्षणात अस्मिताला सगळं कळलं.

महेंद्र मनाने सोन्यासारखा, पण एकदा माणूस तुटला की तुटला. सख्ख्या मामाशी तो अकरा वर्षं बोललेला नव्हता. तीन वर्षांपूर्वी कशावरून तरी बिनसलं आणि प्रीती लहानग्या लेकीला, ऋताला घेऊन कल्याणला माहेरी जाऊन बसली, ती आठ महिने. तेव्हा अस्मितानेच चार-चार फेऱ्या मारून, दोघांपुढे हात जोडून तो संसार पुन्हा उभा केला होता. आता हे कळलं तर दादा हिला घरात ठेवील? आणि ऋता? ती पोर आतल्या खोलीत चित्रं रंगवत बसली होती, तिला कशाचाच पत्ता नव्हता.

“मीच कळवलं, दादा,” अस्मिता म्हणाली.

चांगुणाबाईंनी पदर तोंडाला लावला. महेंद्रने पत्राची पुन्हा घडी केली आणि ते खिशात घातलं.

“तुझ्या ऑफिसात एक अर्ज टाकला तर तुझी नोकरी जाईल. माहीत आहे ना?”

“हो.”

“टाकणार नाही. बाबांची मुलगी आहेस म्हणून. पण या घरात परत पाय ठेवू नकोस.”

जिन्यात प्रीती तिची विसरलेली पर्स घेऊन मागे धावत आली. “ताई...” एवढाच शब्द तिच्या तोंडून फुटला. अस्मिताने पर्स घेतली. “काही बोलू नकोस, वहिनी. त्याचे उपचार तेवढे चुकवू नकोस,” असं म्हणून ती खाली उतरली, आणि बदलापूरच्या आपल्या घरी पोचेपर्यंत तिने डोळ्यांतून पाणी काढलं नाही.

पण ‘का’ हा एक प्रश्न मात्र त्या दिवसापासून तिच्या काळजाला चिकटला. प्रीतीने असं का केलं असेल? नवऱ्याच्या डोळ्यांच्या काळजीपोटी, की आठ महिन्यांचा तो जुना राग मनात धरून? काळजी असती तर ती तिने अस्मिताला एकदा तरी बोलून दाखवली नसती का? आठवडे गेले, महिने गेले, प्रीतीचा फोन आला नाही. अस्मिताच्या मनात नको ते विचार येऊ लागले. आपण ज्या बाईचा संसार वाचवायला गेलो, तिला तो हवा तरी होता का... की आपल्या दोघा भावंडांत फूट पडली, हेच तिला पाहिजे होतं?

तिचा नवरा सम्यक सगळं ऐकून एकदाच म्हणाला होता, “तू एक खोटं बोललीस आणि तिघांचा त्रास स्वतःवर घेतलास. पण अस्मिता, ते तिघांपुरतंच राहील असं तुला वाटतं का?”

सम्यकचं म्हणणं किती खरं होतं, ते कळायला महिनाही लागला नाही. महेंद्रने तिच्या ऑफिसात अर्ज टाकला नाही, पण आरोग्यकेंद्राभोवतीच्या आपल्या वस्तीत तो गप्पही बसला नाही. सोळा वर्षं उंचावर बसून टनांचे बोजे हलवणारा माणूस आता गेटवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांची नावं लिहीत होता, ओव्हरटाइम नाही, कुणी ‘ऑपरेटरसाहेब’ म्हणत नाही. जो विचारील त्याला तो सांगायचा, “त्या मशीनमध्ये डोळा घालू नका. रिपोर्ट थेट कंपनीत जातो. माझ्या सख्ख्या बहिणीने माझं केलं, तुमचं काय सोडणार आहे?”

वस्तीतल्या निम्म्या घरांत कुणी ना कुणी कारखान्यात होतं, कुणी रिक्षा चालवत होतं, कुणी सोसायटीच्या गेटवर वॉचमन होतं. डोळा हेच त्यांचं पोट. बोलणं वाऱ्यासारखं पसरलं आणि पसरता पसरता वाढत गेलं. रिक्षावाले म्हणू लागले, लायसन रद्द करतात. बाया म्हणू लागल्या, डोळ्याचा फोटो आधारला जोडतात, मग रेशन बंद. दर गुरुवारी शुगर तपासायला पन्नास माणसं यायची, बोटातून रक्त द्यायची, गोळ्या घ्यायची, आणि अस्मिताच्या खोलीचं दार आलं की जणू आत साप बसलाय अशी वळसा घालून बाहेर पडायची. पूर्वी तीस फोटो निघायचे. आता चार.

मेडिकल ऑफिसर डॉक्टर राजसी वयाने तिच्याएवढ्याच होत्या, पण कामात चोख. त्यांनी एक दिवस दार लावून घेतलं.

“मॅडम, खरं सांगा. तुमच्या हातून कधी कुणाचा रिपोर्ट बाहेर गेलाय?”

“नाही, मॅडम.”

“मग वस्तीत सगळे म्हणतात की तुम्ही स्वतः कबूल केलंय. ते कसं?”

अस्मिताने घरी ‘हो’ सांगितलं होतं, इथे ती ‘नाही’ सांगत होती. दोन्हीकडे तिच्यावर कुणी विश्वास ठेवावा असं तिच्याजवळ काहीच नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून यंत्राच्या कॉम्प्युटरला डॉक्टरांचा पासवर्ड लागला आणि रिपोर्टांचं कपाट डॉक्टरांच्या किल्लीत गेलं. तेही शिपायासमोर. तो अपमानही तिने गिळला.

मग ती घरोघर हिंडू लागली. ड्यूटी संपली की संध्याकाळी दोन तास. “काका, डोळ्याला सुई नाही, चिरफाड नाही, नुसता फोटो. रिपोर्ट तुमच्याच हातात, पाकिटात बंद. मला स्वतःलाही परत उघडता येत नाही आता, किल्ली डॉक्टरांकडे. चांगलं दिसतंय म्हणून थांबू नका, पडदा खराब होताना दुखत नाही, कळत नाही, कळतं तेव्हा उशीर झालेला असतो...” दारं अर्धीच उघडायची. कौसाबाई म्हणाली, “आमच्यात कुणालाच शुगर नाय गं बाई,” आणि तिच्या मागे फळीवर शुगरच्या गोळ्यांची पाकिटं रांगेने लावलेली दिसत होती. विहाराच्या कमिटीचे अध्यक्ष शंकरराव, वीस वर्षांचे शुगरचे पेशंट, जुने कार्यकर्ते, त्यांनी तिला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि म्हणाले, “बाई, माझा राग नाही तुझ्यावर. पण भावाचं जिनं सांगितलं, तिला मी माझं कसं सांगू?”

ती पाणी पिऊन उठली आणि पुढच्या दाराकडे वळली.

दोन वर्षं अशी गेली. आईची भेट चोरून व्हायची, कधी बाजारात, कधी कुणाच्या लग्नात. चांगुणाबाईंना चौदा वर्षांपासून शुगर. “आई, तू तरी ये. एकदा फोटो काढून जा,” असं अस्मिता दर वेळी म्हणायची, आणि चांगुणाबाई दर वेळी नजर चुकवून म्हणायच्या, “बघू. मला चांगलं दिसतंय.” पोटच्या मुलीवर आईनेही संशय घ्यावा! त्या रात्री अस्मिताला जेवण जायचं नाही.

आणि मग एका मंगळवारी सकाळी, ती केंद्रात नुकतीच पोचली असताना, फोन वाजला. प्रीतीचं नाव पाहून तिला आधी वाटलं, चुकून लागला असेल.

“ताई, आईंनी आज चहा कपाच्या बाहेर ओतला. मी विचारलं तर रडायला लागल्या. डाव्या डोळ्यासमोर काळं जाळं आलंय म्हणतात... महिना झाला. कुणाला बोलल्या नाहीत. मी काय करू, ताई?”

“लगेच उल्हासनगरला घेऊन या,” असं सांगून अस्मिता तशीच निघाली. उल्हासनगरच्या हॉस्पिटलात ती पोचली तेव्हा चांगुणाबाईंच्या डोळ्यांत थेंब घालून त्यांना बाकावर बसवलं होतं. शेजारी महेंद्र उभा होता. दोन वर्षांनी बहीण-भाऊ समोरासमोर आले. त्याचे केस कानाजवळ पांढरे झाले होते, ते तिला आधी दिसलं.

“हिला कुणी बोलावलं?”

“मी,” प्रीती म्हणाली. महेंद्रने चमकून बायकोकडे पाहिलं, पण तेवढ्यात आत बोलावणं आलं.

डोळ्यांचे डॉक्टर पोक्त होते, हळूहळू बोलत होते. डाव्या डोळ्यात रक्तस्राव होऊन पडदा ओढला गेला होता. मुंबईला नेऊन ऑपरेशन करता येईल, पण नजर परत येण्याची आशा फारशी नाही. उजवाही बिघडायला लागलाय, मात्र तो लेझरने वाचेल. मग त्यांनी महेंद्रकडे पाहिलं. “तुमचाही लेझर इथेच झालाय ना? तुम्ही वेळेत आलात. आणखी सहा महिने तसेच काढले असते तर आज आईंच्या शेजारी तुम्हीच बसला असता. यांनाही दोन वर्षांपूर्वी आणायला हवं होतं.”

दोन वर्षांपूर्वी!

अस्मिता बाहेर येऊन जिन्याच्या पायरीवर बसली. एक संसार वाचावा म्हणून आपण खोटं बोललो, मोठा त्याग केला असं मनाशी म्हणत राहिलो, आणि त्या खोट्याने आईचा डोळा घेतला... आणखी कुणाकुणाचा घेतला असेल? ज्या दारांतून लोक आपल्याला परत पाठवत होते, त्या दारांमागे कितीजणांच्या डोळ्यांत आत्ता, या घडीला, रक्त झिरपत असेल?

प्रीती येऊन तिच्याजवळ बसली.

“वहिनी,” अस्मिता म्हणाली, “मी तुला कधीच ‘बोल’ म्हटलं नसतं. अजूनही म्हणत नाही. पण या रविवारी वंदनेनंतर मी विहारात बोलणार आहे. तुझं नाव घेणार नाही. पण कंपनीला मी कळवलं नाही, एवढं सांगणार आहे.”

“मग ते विचारतील, कुणी कळवलं.”

“विचारतील.”

प्रीती उठली आणि आत सासूबाईंकडे निघून गेली. तिच्या त्या निघून जाण्याने अस्मिताचा जुना संशय पुन्हा डोकं वर काढून उभा राहिला. ही माहेरी निघून जाईल, की सरळ नाकारील? की शेवटी ‘ताईच खोटं बोलतात’ असं म्हणून मोकळी होईल?

रविवारी विहार भरला होता. वंदना झाली, शंकररावांनी नाइलाजाने का होईना तिला दहा मिनिटं दिली. अस्मिता उभी राहिली. तिने हात मागे बांधले.

“माझ्या आईचा डावा डोळा गेला,” ती म्हणाली. “मी डोळे तपासते आणि माझ्याच आईचा डोळा गेला, कारण तुमच्यासारखीच तीही माझ्याकडे आली नाही. तुम्ही का येत नाही ते मला माहीत आहे. म्हणून आज सांगते, मी आजवर एकाही माणसाचा रिपोर्ट कुणाला दिलेला नाही. माझ्या भावाचाही नाही.”

कुजबुज झाली. मागच्या रांगेतून महेंद्र उठला.

“खोटं आहे हे. माझ्या तोंडावर कबूल केलं होतंस तू.”

“त्या तेव्हा खोटं बोलल्या होत्या.” आवाज बायकांच्या बाजूने आला. प्रीती उभी राहिली होती, ऋताचा हात तिच्या हातात होता. “अहो, कंपनीला मी कळवलं. रिपोर्टचा फोटो मी काढला. तुमच्या आयकार्डाच्या मागे सेफ्टी ऑफिसरचा नंबर होता, त्यावर मी पाठवला.”

पुढच्या रांगांतल्या बायका वळून तिच्याकडे बघू लागल्या.

“तुम्ही एकदा घरी येऊन मला सांगितलंत,” प्रीती पुढे बोलू लागली, “की बोजा उतरवताना अंदाज चुकला, खाली झाडणारी विठा टीचभर अंतराने वाचली. मला ऋताची शपथ घातलीत, कुणाला सांगायचं नाही म्हणून. तुम्ही झोपलात. मला त्यानंतर झोप लागेना. विठाला दोन मुली आहेत. तिला काही झालं असतं तर तुम्ही पुढे जगला असता का? मी तुम्हाला ओळखते. नसता जगलात. म्हणून मी कळवलं. ताईंनी माझा चेहरा बघितला आणि सगळं स्वतःवर घेतलं. आणि मी... मी दोन वर्षं त्यांना शिव्या खाताना ऐकत राहिले. मला भीती वाटत होती. तुम्ही मला परत घरात घेणार नाही याची.”

अस्मिताच्या डोळ्यांसमोर विहार धूसर झाला. दोन वर्षं ज्या बाईवर ती मनातल्या मनात आळ घेत आली होती, ती बाई एका झाडूवालीच्या दोन मुलींसाठी झोपली नव्हती. वस्तीने अस्मितावर संशय घेतला, पण तिने स्वतः तरी दुसरं काय केलं होतं?

महेंद्रने चपला घातल्या आणि कुणाकडे न बघता तो बाहेर निघून गेला.

नऊ दिवस तो घरात एक शब्द बोलला नाही. जेवत होता, कामावर जात होता, येत होता. प्रीतीने एक बॅग भरून कोपऱ्यात ठेवली होती. अस्मिता रोज फोन करायची आणि रोज तेच ऐकायची.

दहाव्या दिवशी सकाळी अस्मिता बदलापूरच्या घरी सम्यकचा डबा भरत असताना दाराची बेल वाजली. दारात महेंद्र उभा होता, कंपनीच्या निळ्या शर्टात.

“आत येऊ?”

तिने बाजूला होऊन वाट दिली. तो खुर्चीच्या कडेवर बसला, पाण्याचा ग्लास नुसता हातात धरून राहिला.

“विठाबाई रोज साडेसातला येते,” तो म्हणाला. “दोन वर्षं रोज तिचं नाव मी माझ्या हाताने वहीत लिहितो. काल तिला विचारलं, तो दिवस आठवतो का? म्हणाली, आठवतो की, साहेब. घरी जाऊन पोरींना जवळ घेऊन बसले होते, पण तुमची नोकरी जाईल म्हणून कुठं बोलले नाही.” त्याने ग्लास खाली ठेवला. “तीही गप्प बसली, माझ्यासाठी. तू माझ्या शिव्या खाल्ल्यास. प्रीतीनं मला वाचवलं, आणि तिच्याच समोर मी दुसरीला शिव्या घालत राहिलो. अस्मिता, माझं नाक वर ठेवायला किती बायका वाकल्या गं?”

“दादा...”

“ऐक. प्रीतीची बॅग मी काल रिकामी केली. कपडे परत कपाटात ठेवले. बोलायला जमलं नाही, पण तेवढं केलं. तुझ्याशी बोलायला आलो.” त्याने हात जोडले. तिने ते झटकन धरले, खाली केले, आणि मग दोघंही, वडील गेले त्या दिवशी रडली होती तशी, एकमेकांच्या खांद्यावर डोकं टेकून रडली. सम्यक डबा न घेताच हळूच बाहेर जाऊन उभा राहिला.

त्या गुरुवारी आरोग्यकेंद्रात महेंद्र रजा टाकून आला. शुगरच्या रांगेत तो स्वतः उभा राहिला. “माझी क्रेन या मशीननं घेतली नाही,” तो एकेकाला सांगत होता, “माझ्या डोळ्यानं घेतली. ते लपवलं असतं तर एक बाई मेली असती आणि मी आंधळा झालो असतो. कंपनीत रिपोर्ट गेला तो माझ्याच घरातून गेला, आणि बरं झालं गेला. हिच्याकडून कुणाचा काही जात नाही. माझं ऐकून तुम्ही थांबलात, आता माझं ऐकूनच आत जा.” सगळे काही आत आले नाहीत. दोघे रिक्षावाले डोकं हलवत निघून गेले. पण अकरा जण आत आले, पुढच्या गुरुवारी सतरा. डॉक्टर राजसींनी पासवर्डचा कागद आणि कपाटाची किल्ली अस्मिताच्या टेबलावर ठेवली. अस्मिताने दोन्ही परत दिलं. “किल्ली तुमच्याकडेच राहू दे, मॅडम. लोकांना तेच बरं वाटतं,” ती म्हणाली. तिने आणखी एक बदल मागून घेतला. ज्या दिवशी रक्त तपासायचं, त्याच दिवशी, त्याच रांगेत फोटो, वेगळी खेप नको, वेगळा दरवाजा नको. शंकररावांच्या दोन्ही डोळ्यांत खराबी निघाली, त्यांची सून त्यांना उल्हासनगरला घेऊन गेली. कौसाबाईच्या डोळ्यांत काही निघालं नाही आणि ती ते साऱ्या वस्तीला सांगत सुटली.

तीन महिन्यांनी, उजव्या डोळ्याचं लेझर पुरं झाल्यावर, चांगुणाबाई फेरतपासणीला आल्या. खोलीत अंधार केला होता. हनुवटी टेकवून त्या यंत्रापुढे बसल्या, आणि अस्मिता बटण दाबणार तोच म्हणाल्या,

“मला माहीत होतं.”

“काय, आई?”

“पिरतीनं कळवलं ते. मी पलंगावर पडले होते, तिला वाटलं झोपले. खिडकीपाशी उभी राहून कागदाचा फोटो काढत होती. पत्र आलं आणि तू ‘मीच’ म्हणालीस, तेव्हाच मला कळलं तू का म्हणालीस ते.” त्यांचा श्वास यंत्राच्या काचेवर धुकं धरत होता. “सुनेचं नाव घेतलं असतं तर घर मोडलं असतं. तुझं घर तिकडं बदलापूरला उभं होतं. म्हटलं, लेक सोसंल. मी तुला सोसू दिलं.”

अस्मिताचा हात बटणावरून खाली आला.

“म्हणून येत नव्हतीस? इतकी वर्षं... मला वाटलं, तू माझ्यावर संशय घेतेस.”

“तुझ्यावर कशाला घेऊ? तू माणसाच्या डोळ्यात आतपर्यंत बघतेस. मला भ्या वाटायचं, तुला दिसंल म्हणून.”

अस्मिताच्या मनात काय काय उसळून आलं! अर्धी उघडणारी ती सगळी दारं, शिपायासमोर काढून घेतलेली किल्ली, आणि आईचा तो नजर गेलेला डावा डोळा, जो एका शब्दाने वाचला असता. आईच्या एका शब्दाने, किंवा तिच्या स्वतःच्या. दोघींनी एकच खोटं दोन बाजूंनी धरून ठेवलं होतं, तेही एकाच घरासाठी.

“रागावलीस?” चांगुणाबाईंनी विचारलं.

“हो,” अस्मिता म्हणाली. तिने रुमालाने आईच्या डोळ्याची कड टिपली, मग काच पुसली. “खूप रागावलेय. रविवारी घरी येते, तेव्हा भांडू. प्रीतीवहिनीलाही बसवू समोर. आत्ता हलू नकोस, हिरव्या दिव्याकडे बघ.”

चांगुणाबाई उरलेला डोळा मोठा करून, पापणी न हलवता, दिव्याकडे बघत राहिल्या. अस्मिताने बटण दाबलं. पडद्यावर फोटो उमटला, लेझरचे फिकट ठिपके ओळीने, आणि नवं रक्त कुठेच नाही. तिने तो दोनदा नीट पाहिला, मग आईचा हात धरून तिला उठवलं आणि दार उघडून बाहेर थांबलेल्या महेंद्रच्या हातात तो हात दिला.

“चांगला आहे,” ती म्हणाली. “पुढच्या माणसाला आत पाठव, दादा.”